हँडल, किल्ली आणि आमची जुनी व्हॅन

ताईंनो, माईंनो, आणि एका कानाने रेडिओ ऐकत भाकऱ्या थापणाऱ्या सगळ्याच मैत्रिणींनो, आम्ही पडघ्याहून बोलतोय. आमच्या बचत गटांची मिळून एक जुनी पेट्रोल व्हॅन आहे. आगरी मसाला, तांदळाचे पापड आणि कुरडया घेऊन ती भिवंडी, कल्याण, ठाण्याला जाते. मोठं प्रदर्शन असलं तर नाशिकलाही जाते. मागच्या हिवाळ्यात या गाडीचा इग्निशन स्विच बदलावा लागला. इग्निशन स्विच म्हणजे किल्ली घालून फिरवतो ती जागा आणि तिच्या मागचं विजेचं बटण.

एवढ्याशा कामाचं भाषण कशाला, असं वाटेल. पण त्या निमित्ताने आमच्या बैठकीत भांडण झालं, गाडी विकायची वेळ आली आणि किल्लीचा इतिहास शोधत आम्ही फार लांब गेलो. आज तोच इतिहास सांगणार आहोत.

आपल्याकडे किल्ली म्हटलं की आधी गाडी आठवत नाही. आठवतो तो सासूच्या कमरेचा चांदीचा छल्ला. कोठीची, कपाटाची, पेटीची किल्ली त्यात अडकवलेली असायची आणि ती सुनेच्या हाती कधी जाते यावर घरातली सत्ता ठरायची. बचत गटातही पेटी एकीच्या घरी आणि किल्ली दुसरीच्या घरी, ही आमची जुनी रीत. म्हणजे कोणाच्या हातात किती विश्वास ठेवायचा, हे किल्लीवरून ठरतं. गाडीच्या किल्लीचंही तसंच आहे, फक्त तिचा जन्म बराच उशिरा झाला.

पहिल्या मोटारींना किल्ली नव्हतीच. जर्मनीत कार्ल बेंझ यांनी १८८६ साली तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं. पेटंटवर नाव त्यांचं, पण कारखान्यात पैसा घातला होता त्यांच्या बायकोने, बर्था बेंझ यांनी. लग्न व्हायच्या आधीच त्यांनी आपल्या हुंड्याचा पैसा या उद्योगात ओतला होता. गाडी तयार झाली तरी लोक ती विकत घेईनात. मग १८८८ च्या ऑगस्टमध्ये एके दिवशी बर्थाबाई नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन माहेरी निघाल्या, मानहाइमहून फोर्त्सहाइमला. अंतर सुमारे १०५ किलोमीटर. पडघ्याहून नाशिक गाठायला जेवढी वाट, जवळजवळ तेवढीच. मोटारीचा हा जगातला पहिला लांबचा प्रवास मानला जातो.

वाटेत इंधन संपलं, तेव्हा त्यांनी ते औषधाच्या दुकानातून घेतलं. इंधनाची नळी तुंबली, ती टोपीच्या पिनेने साफ केली. ब्रेक झिजले, तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. आणि आजच्या आपल्या विषयाला धरून सांगायचं तर ठिणगी देणारी वायर उघडी पडली, तेव्हा मोज्याचं गार्टर तिच्यावर गुंडाळून त्यांनी ती झाकली. इग्निशनची ही वाटेतली दुरुस्ती एका बाईने केली, तीही तेव्हा, जेव्हा मेकॅनिक नावाची जमात जन्मालाही आली नव्हती. संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला तार केली की पोहोचलो.

इतकं असूनही पुढची पंचवीसेक वर्षं मोटार पुरुषांचीच राहिली. त्याचं एक मोठं कारण होतं हँडल. पेट्रोलचं इंजिन आपणहून सुरू होत नाही, आधी कोणीतरी ते फिरवावं लागतं. तेव्हा गाडीच्या तोंडाशी लोखंडी हँडल घालून ते जोराने फिरवत. आपल्या आजोबांच्या पिढीने ट्रकला हँडल मारताना पाहिलंय. त्यात ताकद लागायचीच, पण खरा धोका वेगळा होता. ठिणगी अवेळी पडली तर इंजिन उलटा झटका द्यायचं आणि हँडल मनगटावर आदळायचं. मनगटाजवळचं हाड मोडायचं. त्या प्रकारच्या मोडीला डॉक्टर आजही शोफर फ्रॅक्चर म्हणतात. गाड्यांची हँडलं गेली, पण दुखण्याचं नाव राहिलं.

त्या काळात अमेरिकेत विजेच्या बॅटरीवर चालणाऱ्या मोटारीही होत्या. त्यांना हँडल नव्हतं, धूर नव्हता, म्हणून त्या बायकांसाठी म्हणून विकल्या जात. गंमत बघा, पेट्रोलच्या गाड्यांनी जग भरून टाकणाऱ्या हेन्री फोर्ड यांच्या पत्नी क्लारा मात्र स्वतः विजेची गाडी चालवायच्या.

हँडल हटवण्याचं काम चार्ल्स केटरिंग या इंजिनिअरने केलं. ते आधी ओहायो राज्यातल्या डेटन गावी नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत होते. दुकानाच्या गल्ल्याचं यंत्र हाताने फिरवावं लागू नये, म्हणून त्यांनी त्यात विजेची छोटी मोटर बसवली होती. तिथे त्यांच्या लक्षात आलं की गल्ल्याच्या मोटरला दिवसभर चालायचं नसतं. क्षणभरच, पण जोरात फिरायचं असतं. मग क्षणभर भरपूर वीज दिली तर छोटी मोटरही मोठं काम करते. हीच युक्ती त्यांनी गाडीला लावली. कॅडिलॅक कंपनीने १९१२ च्या आपल्या गाड्यांत हा सेल्फ-स्टार्टर दिला. आपण आजही ‘गाडीचा सेल्फ मारतोय’ म्हणतो, तो शब्द इथून आला. आमच्या खजिनदारबाईंना ही गोष्ट फार आवडली, कारण गाडीचा सेल्फ शेवटी गल्ल्यातून निघाला.

सेल्फ आला, तरी किल्ली फिरवली की गाडी सुरू, असं लगेच झालं नाही. बरीच वर्षं दोन वेगळी कामं होती. आधी स्विच चालू करून ठिणगीच्या यंत्रणेला वीज द्यायची, मग पायाने किंवा हाताने वेगळं बटण दाबून सेल्फ फिरवायचा. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचंच घ्या. तिचं स्टार्टरचं बटण पायाशी होतं आणि सोबत हँडलही दिलेलं असायचं. सुरुवातीला या जीपना किल्ली होती, पुढे लष्कराने किल्ली काढून साधा फिरवायचा स्विच बसवला. रणांगणात किल्ली हरवली तर करायचं काय? चोरीच्या भीतीपेक्षा अडकून पडण्याची भीती मोठी होती. युद्धानंतर हीच विलीज जीप महिंद्रा कंपनी मुंबईत जोडू लागली आणि महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत ‘जीप आली’ म्हणजे सरकार आलं, असं समीकरण झालं.

ठिणगीचा स्विच आणि सेल्फचं बटण एकाच किल्लीत आणलं ते क्रायस्लर कंपनीने, १९४९ साली. किल्ली घाला, फिरवा, इंजिन सुरू झालं की सोडा. सोडल्यावर ती आपोआप एक पाऊल मागे येते. आज आपल्याला हे श्वास घेण्याइतकं साधं वाटतं. पुढे १९६९ च्या सुमारास जनरल मोटर्सने बहुतेक गाड्यांचा स्विच डॅशबोर्डवरून स्टिअरिंगच्या दांडीवर नेला आणि किल्ली काढली की स्टिअरिंग अडकेल अशी सोय केली. गाडी चोरणं त्यामुळे कठीण झालं. म्हणजे एका छोट्या भोकात आता तीन कामं आली : ठिणगीची वीज, सेल्फची वीज आणि चोराला अडसर. एका जागी इतकी जबाबदारी आली की ती जागा झिजल्यावर सगळंच अडतं. घरातल्या एकाच बाईवर सगळं टाकल्यावर होतं, तसंच.

आता आपल्याकडे या. भारतात मोटार चालवणारी पहिली स्त्री म्हणून सुझान टाटा यांचं नाव सांगतात, साल १९०५. जे. आर. डी. टाटांच्या त्या आई. पण ती श्रीमंतांची गोष्ट झाली. सामान्य माणसाचं वाहन महाराष्ट्रात आलं ते टेम्पोच्या रूपाने. नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये हॅम्बुर्गच्या कंपनीशी करार करून बजाज टेम्पो सुरू झाली. आधी मुंबईत गोरेगावला, मग पुण्याजवळ आकुर्डीला. टेम्पो हे त्या जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव. आपल्या तोंडी ते इतकं बसलं की आज कोणत्याही कंपनीच्या मालगाडीला आपण टेम्पोच म्हणतो. त्याच कंपनीची मॅटाडोर १९६९ पासून आली. लग्नाचं वऱ्हाड, भाजी, शाळेची पोरं, आजारी माणूस, सगळं तिने वाहिलं. १९८४ मध्ये मारुतीची छोटी व्हॅन आली, पुढे तिला ओम्नी म्हणू लागले. तीन सिलिंडरचं ७९६ सीसी इंजिन आणि बाजूला सरकणारे दरवाजे. २०१९ पर्यंत ती बनत होती. सिनेमात तिने माणसं पळवली, खऱ्या आयुष्यात मात्र पोरांना शाळेत आणि बाळंतिणींना दवाखान्यात पोहोचवलं.

या सगळ्या गाड्यांना किल्ली होती, हँडलची गरज नव्हती. मग बायका का नाही चालवू लागल्या? म्हणजे अडचण फक्त मनगटाच्या ताकदीची नव्हती. परभणीहून पुण्यात आलेल्या शीला डावरे यांनी १९८८ मध्ये रिक्षा चालवायला घेतली, तेव्हा बाईला भाड्याने रिक्षा द्यायला मालक राजी नव्हते. केटरिंग यांनी मोटर बसवून हँडल काढलं, पण किल्ली बाईच्या हातात द्यायची नाही हे मनातलं हँडल कोण काढणार?

इथे आमची गोष्ट येते. नाशिकच्या प्रदर्शनातून आम्ही सहाजणी परत येत होतो. रात्रीचे नऊ वाजून गेले होते. कसारा घाट उतरून तास होत आला होता, वाशिंद मागे पडलं होतं आणि घर जवळ आलं म्हणून गाणी चालली होती. एका खड्ड्यात गाडी आपटली आणि इंजिन गप्प झालं. पुढचे दिवे राहिले, पण डॅशबोर्ड आणि इंडिकेटर गेले. त्यामुळे आम्ही डावीकडे येतोय हे मागच्या ट्रकला कळायचा मार्ग नव्हता. मागून हॉर्न वाजत होता. आमच्या एका मैत्रिणीने खिडकीतून मोबाइलची बॅटरी दाखवत हात हलवला. गाडी चालवणाऱ्या ताईने किल्ली उपसली नाही, घाबरून मागेही फिरवली नाही. दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, होता तेवढ्या वेगात गाडी कडेला नेली. ट्रक अगदी घासून गेला. गाडीत बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एकजण हळूच म्हणाली, “हेच घाटात झालं असतं तर?”

दुसऱ्या दिवशी गावात चर्चा सुरू झाली. “बायकांनी हायवेला गाडी न्यावीच कशाला?” “तिचा गुडघा लागला असेल किल्लीला.” हे बाहेरच्यांनीच म्हटलं असं नाही, आमच्यातल्याही दोघी-तिघींनी म्हटलं. बैठकीत ठराव आला की गाडी विकून टाकावी आणि माल भाड्याच्या टेम्पोने पाठवावा. गाडी चालवणारी ताई खाली मान घालून बसली होती. तिच्या घरीही तेच ऐकवलं गेलं होतं.

तेव्हा आमच्या सचिव मैत्रिणीने इतिवृत्ताची वही उघडली आणि जुन्या नोंदी वाचल्या. जुलैच्या बैठकीत लिहिलं होतं : गाडीची किल्ली फिरवताना अडते. ऑगस्ट : खड्ड्यात गाडी एकदा बंद पडली, लगेच सुरू झाली. सप्टेंबर : पुन्हा तेच, पाहून घेऊ. ऑक्टोबर : सणानंतर दाखवू. चारही महिन्यांत ही तक्रार मांडणारी बाई एकच होती, ती गाडी चालवणारी ताई. आणि चारही वेळा आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. चालतंय ना, मग चालू द्या.

त्यावरून आम्हाला समजलं की मान डोलावणं ही फक्त पडघ्याची रीत नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या काही छोट्या गाड्यांचा इग्निशन स्विच ठरलेल्या मापापेक्षा सैल होता. खड्डा लागला, गुडघा लागला किंवा किल्लीला जड जुडगा असला, की किल्ली आपोआप मागे सरकायची. इंजिन बंद, स्टिअरिंग जड, आणि अपघात झाला तर एअरबॅगही उघडायची नाही. गाड्या बाजारात येण्याआधी, २००१ पासूनच कंपनीतल्या काहींना याचा अंदाज होता. २००६ मध्ये तो सुटा भाग गुपचूप सुधारला गेला, पण त्याचा क्रमांक तोच ठेवला, त्यामुळे जुना कोणता आणि नवा कोणता हे शोधणाऱ्यांना कळेना. शेवटी मुलगी गमावलेल्या आईवडिलांनी लावून धरलेल्या खटल्यात दोन स्विच उघडून शेजारी ठेवले गेले, तेव्हा फरक दिसला. २०१४ साली कंपनीला या स्विचसाठी सुमारे २६ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. भरपाईसाठी नेमलेल्या निधीने १२४ मृत्यू या दोषामुळे झाल्याचं मान्य केलं.

त्या वर्षी कंपनीच्या प्रमुखपदी नुकत्याच आलेल्या होत्या मेरी बारा, एका मोठ्या मोटार कंपनीच्या पहिल्या स्त्री प्रमुख. चौकशीचा अहवाल आला, त्यात कंपनीतल्या एका सवयीचं वर्णन होतं. बैठकीत सगळे मान डोलावून हो म्हणतात आणि बाहेर पडल्यावर कोणीच काही करत नाही. तिला कंपनीच्या नावानेच ‘जीएमची मान’ असं म्हणत. हे ऐकलं तेव्हा आमच्या बैठकीत आधी हसू आलं, मग सगळ्या गप्प झाल्या.

आणखी एक गोष्ट तिथे घडली होती. सदोष गाडी चालवत असलेल्या एका तरुणीला, सोबतच्या माणसाच्या मृत्यूबद्दल दोषी ठरवलं गेलं होतं. अपघातानंतर दहा वर्षांनी न्यायालयाने तिच्यावरचा ठपका काढला. दहा वर्षं ती स्वतःलाच जबाबदार धरत जगली. दोष स्विचचा, शिक्षा चालवणारीला. आमच्या बैठकीतही आम्ही तेच करायला निघालो होतो.

गाडी विकण्याचा ठराव बाजूला ठेवला आणि आधी दुरुस्ती करायचं ठरलं. वाटेत भेटलेल्या एकाने त्या रात्री दोन वायरी जोडून गाडी ‘डायरेक्ट’ करून दिली होती, म्हणून घरी पोहोचलो होतो. काहींचं म्हणणं, तसंच राहू द्या, एक बटण लावून घ्या, स्वस्तात होईल. पण डायरेक्ट वायरीला झाकण नसतं, त्या एकमेकींना किंवा पत्र्याला लागल्या तर आग लागू शकते, शिवाय गाडी कोणीही पळवू शकतो. म्हणून नीट स्विच बदलायचा ठरला आणि आमच्यापैकी दोघी मेकॅनिकच्या शेजारी वही घेऊन उभ्या राहिल्या. तुमच्याही कामी येईल म्हणून सांगतो.

सगळ्यात आधी, दोष स्विचचाच आहे ना, हे बघायचं. मेकॅनिकने टेस्ट लॅम्प लावला. स्विचमागे साधारण चार जोड असतात : एकात बॅटरीची वीज कायम येते, दुसरा रेडिओसारख्या गोष्टींचा, तिसरा ठिणगीचा, चौथा सेल्फचा. किल्ली ‘ऑन’वर ठेवून ठिणगीच्या जोडावर दिवा लावला आणि किल्ली हलकेच हलवली. दिवा लुकलुकला. म्हणजे वीज स्विचमध्येच तुटत होती. दिवा स्थिर राहिला असता तर बॅटरीचे टर्मिनल, कॉइल, वायरी तपासाव्या लागल्या असत्या. हे न बघता स्विच बदलला तर पैसे जातात आणि दोष तसाच राहतो.

मग बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढलं. हे पहिलं आणि न चुकता करायचं काम. स्टिअरिंगच्या दांडीभोवतीचं प्लॅस्टिकचं कव्हर स्क्रू काढून उघडलं. आत दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे आम्हाला तेव्हा कळलं. पुढे किल्ली जाते ते कुलूप आणि मागे विजेचा स्विच. आमचं कुलूप ठीक होतं, स्विच गेला होता. त्यामुळे जुनी किल्लीच चालणार होती. स्टिअरिंग अडकवणारा भाग ज्या बोल्टांनी बसवतात, त्यांची डोकी मुद्दाम तोडलेली असतात, चोराला खोलता येऊ नयेत म्हणून. त्यांना हात लावायचा नाही. वायरींच्या सॉकेटचा आधी मोबाइलवर फोटो काढला. सॉकेटचं प्लॅस्टिक एका कोपऱ्यात तपकिरी झालं होतं, म्हणजे तिथे बरेच दिवस गरम होत होतं. म्हणून सॉकेटही बदललं. जुना स्विच शेजारी धरून नवा पारखला : जोड तितकेच, खाचा तशाच, किल्ली सोडली की आपोआप मागे येणारी स्प्रिंग घट्ट. नवा बसवला, बॅटरी जोडली आणि कव्हर लावायच्या आधीच तपासलं. गाडी चार-पाच वेळा सुरू केली. चालू ठेवून किल्ली हलवली. इंडिकेटर, वायपर पाहिले. टेस्ट लॅम्प पुन्हा लावला. दिवा हलला नाही.

जुना स्विच मेकॅनिकने आमच्यासमोर उघडला. आतले तांब्याचे ठिपके काळे पडले होते, एकाला खड्डा पडला होता. गाडी पंधरा वर्षांवरची आहे, झीज होणारच. पण मेकॅनिकने आमच्या किल्लीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, “ताई, हे काय?”

गाडीच्या किल्लीला आम्ही सगळं लटकवलं होतं. मसाल्याच्या खोलीची किल्ली, गिरणीची किल्ली, बैठकीच्या खोलीची किल्ली, प्रदर्शनातून आणलेली पितळेची घंटा आणि एका देवीचं लॉकेट. प्रत्येक खड्ड्यात हा जुडगा हिसका द्यायचा आणि तो सगळा भार त्या छोट्याशा स्विचवर पडायचा. त्या अमेरिकन कंपनीनेही गाडी दुरुस्त होईपर्यंत मालकांना हेच सांगितलं होतं की जुडगा काढा, नुसती किल्ली ठेवा. सासूच्या कमरेला शोभणारा छल्ला गाडीला मानवत नाही.

नवा स्विच, सॉकेट आणि मजुरी मिळून जेवढा खर्च आला, तो प्रदर्शनातल्या एका दुपारच्या विक्रीहून कमी होता. एवढ्यासाठी आम्ही चार महिने सहाजणींचा जीव टांगून ठेवला होता. हे सांगताना आजही लाज वाटते, पण सांगायला हवं.

पुढच्या बैठकीत तीन ठराव झाले. एक, गाडीच्या किल्लीला दुसरी कोणतीही किल्ली लावायची नाही. दोन, गाडी चालवणारीने दोष सांगितला की तो आठ दिवसांत मेकॅनिकला दाखवायचा, आणि कोणी दाखवायचा तिचं नाव वहीत लिहायचं. नुसतं ‘पाहून घेऊ’ लिहायचं नाही. तीन, आणखी दोघींनी गाडी शिकायची. तिसरा ठराव त्या ताईनेच मांडला. आम्ही तिला म्हटलं की चुकलं आमचं. ती म्हणाली, “चूक राहू द्या, शिकायला कोण येतंय ते सांगा.”

आता बऱ्याच नव्या गाड्यांना किल्लीच राहिलेली नाही. खिशात रिमोट ठेवा, बटण दाबा, गाडी सुरू. हँडलपासून बटणापर्यंत शंभराहून जास्त वर्षं लागली. पण खडखड ऐकू येते ती आधी गाडी चालवणाऱ्या माणसालाच, हे काही बदललेलं नाही. तिने सांगितलं तर ऐका. तुमच्या गटाची गाडी असेल, गिरणी असेल, शिलाई मशीन असेल, त्याचं बटण अडत असेल तर आजच कोणाचं तरी नाव लिहा आणि दाखवून घ्या.

आमची गाडी या रविवारी पुन्हा नाशिकला निघाली आहे. मसाला मागायचा असेल तर शनिवारपर्यंत गटाकडे सांगा. किल्ली ताईकडे आहे, एकटीच, जुडग्याशिवाय. बरं, येतो. नमस्कार.